सही आणि निर्णय



बँकेत असताना भागीदारी पेढ्यांची कर्जप्रकरणे माझ्यापुढे येत. भागीदारांत घरच्या सुनेचे किंवा लेकीचे नाव असे. मी बोट ठेवीन तेथे ती सही करी. भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते, हे मीही कधी थांबून तिला समजावले नाही. परवा नात्यातील एका वाणिज्य पदवीधर मुलीने विचारले, “काका, कर्ज बुडाले तर जबाबदारी माझीही, मग निर्णयात मी का नाही?” मी निरुत्तर झालो.

बुलढाण्याला हा सूर नवा नाही. येथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध करून विचारले होते की, स्त्रियांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय? आपल्या परंपरेत तर भगवान महावीरांच्या ३६,००० साध्वींचे नेतृत्व चंदनबालेकडे होते. असा वारसा असलेल्या लेकींना पेढी झेपणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

जैनांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या संपत्तीत जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. ज्येष्ठ मुलगी कुटुंबाची कर्ताही होऊ शकते, असा निर्णय पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने दिला. कायद्याने दार उघडले आहे. उंबरठ्यावर आपणच उभे आहोत.

येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा लेकी-सुनांच्या हस्ते अवश्य करा. पण त्याआधी जुन्या वहीचा ताळेबंद त्यांच्यापुढे ठेवा. त्यांनी प्रश्न विचारले, तर रागावू नका. सही मागणाऱ्याने उत्तर देणे, हाही व्यवहारधर्मच आहे.