सुखाची किंमत कोण भरते?



देव मानणाऱ्याला ज्ञान आणि सुख यांत निवड करावी लागत नाही. त्याच्या लेखी दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. पण ज्याचा देवावर आणि परलोकावर विश्वास नाही त्याने काय करावे? आयुष्य एकदाच मिळणार आणि खरे जाणल्याबद्दल पुढे कुठेही काही पदरात पडणार नसेल, तर सुखावणारी समजूत सोडून बोचणारे सत्य का पत्करावे? यंदाचा दिवाळी अंक याच प्रश्नाभोवती गुंफला आहे.

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी या प्रश्नाचे उत्तर जगून दाखवले. मिल आणि स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे विचार पचवलेल्या या माणसाने आईला पत्रातून कळवले होते, की मुलाच्या मोठ्या पगाराची आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून मी समाधानी राहीन. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ हे वृत्तपत्र काढले. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने गांजलेले आगरकर १७ जून १८९५ रोजी वयाच्या ३८व्या वर्षी गेले. सुखाच्या हिशेबात हे आयुष्य तोट्याचेच.

पण ते कशासाठी झगडले ते पाहा. वैधव्य म्हणजे गेल्या जन्मीचे पाप, केशवपन हा धर्म, असे मानणारी घरे निवांत झोपत होती. त्या निवांतपणाचे मोल माजघरातली कोवळी विधवा मोजत होती. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. आगरकर कायद्याच्या बाजूने ठाम उभे राहिले.

म्हणून आम्ही ज्ञानाच्या बाजूचे आहोत. अज्ञानाचे सुख एक जण भोगतो आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसराच चुकवतो. देव नसला तरी तो दुसरा माणूस असतोच, आणि सत्य शोधायला तेवढे कारण पुरेसे आहे.

पण प्रत्येक समजूत दुसऱ्यावर भार टाकत नाही. लेकरू गमावलेली आई ‘ते देवाघरी सुखात आहे’ म्हणत असेल, तर तिच्याशी वाद घालायला कोणी जाऊ नये. त्या समजुतीने कोणाचे काही हिरावले जात नाही. तिच्या दुःखावर एखादा भोंदू बाबा पैसे उकळू लागला, तर मात्र गप्प बसणे हा गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर हा भेद आयुष्यभर समजावत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला.

सुख आम्हालाही हवे आहे. दिवाळी साजरी करायला श्रद्धेची अट नाही. फराळ, गप्पा, माहेरी आलेल्या लेकी, नवे वाचन हे सगळे आपले आहेच. त्यासोबत यंदा घरातली एक तरी जुनी समजूत तपासून पाहू या: हिचे सुख कोणाला मिळते आणि भार कोणावर पडतो?

 

– संपादक