एस… यू… पी… ई… आर!

एक प्रश्न विचारते, प्रामाणिक उत्तर द्या. नुसतं हिरोचं नाव पडद्यावर आलं म्हणून तुम्ही थिएटरात शेवटचं कधी ओरडला होतात? एंट्री नाही, फाईट नाही, गाणं नाही. फक्त नाव! आठवत नाही ना? मल्टिप्लेक्सने आपल्याला जाम शहाणं करून टाकलंय, बॉस. आपण पॉपकॉर्नचा टब मांडीवर घेऊन बसतो, एसी जास्त झाला म्हणून कुरकुरतो आणि हिरो आला की शेजारच्याच्या कानात 'सुटलाय रे हा' असं म्हणतो.

रजनीकांतच्या सिनेमात हे चालत नाही. तिथे काळ्या पडद्यावर चमकते ठिपके यायला लागतात, एकेक इंग्रजी अक्षर उमटतं आणि अख्खं थिएटर स्पेलिंग म्हणायला लागतं. एस! यू! पी! ई! आर! बालवाडीत म्हणतात तसं, फक्त आवाज शंभरपट. हे टायटल कार्ड पहिल्यांदा आलं 1992 च्या 'अण्णामलै'मध्ये, त्यामागचं म्युझिक देवाचं. तेव्हापासून लोक हेच स्पेलिंग म्हणतायत आणि कुणालाच कंटाळा आलेला नाही.

मला हा रोग लागला मास कॉमच्या हॉस्टेलवर. रूममेट कोइमतूरची. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने लॅपटॉपवर 'बाशा' लावला. सबटायटल्स इतकी भयानक होती की निम्म्या वेळेला ती कुठल्या वेगळ्याच सिनेमाची असावीत असं वाटत होतं. पण साधा रिक्षावाला माणिकम् म्हणजे एकेकाळचा मुंबईचा डॉन, हे कळायला सबटायटल्स कशाला हवीत? तिने मला तीन गोष्टी शिकवल्या : त्याला 'रजनी' नाही, 'तलैवर' म्हणायचं, हाक मारायची असेल तर 'तलैवा', आणि सिनेमा चांगला की वाईट ही चर्चा दुसऱ्या दिवशी करायची, पहिल्या दिवशी नाही.

पुढे ती नोकरीसाठी क्वालालंपूरला गेली आणि ऑगस्ट 2023 मध्ये दोन ट्रॅव्हल लेखांच्या निमित्ताने मीही तिच्याकडे जाऊन धडकले. निमित्त म्हणजे निमित्तच होतं. 10 ऑगस्टला 'जेलर' लागणार होता, हे आम्हा दोघींनाही चांगलं माहीत होतं.

आता इथे एक गंमत समजून घ्या. त्या वर्षी जानेवारीत पहाटेच्या शोच्या जल्लोषात चेन्नईत एका फॅनचा जीव गेला आणि तमिळनाडूत पहाटेचे शो बंद झाले. त्यामुळे 'जेलर'चा पहिला शो तिथे सकाळी नऊचा. (सहाचा शो मिळावा म्हणून काही पठ्ठे चक्क बंगळूरला गेले होते!) मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आमचा शो तिथल्या सकाळी नऊचा, म्हणजे आपल्याकडचे साडेसहा. चेन्नईत लोक थिएटरबाहेर फटाके फोडत होते, तेव्हा आमच्याकडे क्लायमॅक्स चालला होता. रूममेटच्या फोनवर कोइमतूरच्या भावाचा मेसेज येऊन पडला होता : 'एक शब्द जरी सांगितलास तर बहीण नाहीस.'

गुरुवार होता. वर्किंग डे. तरी मॉलमधलं ते थिएटर हाऊसफुल्ल! मलेशियात आजारपणाच्या रजेला 'एमसी' म्हणतात, मेडिकल सर्टिफिकेटवरून. त्या दिवशी शहरातल्या तमिळ माणसांची तब्येत एकदम बिघडली असणार, कारण रांगेतला जो तो हसत हसत 'एमसी-ला' असं सांगत होता. हा 'ला' तिथल्या प्रत्येक वाक्याच्या शेपटीला असतो, तमिळ बोलतानासुद्धा. आपल्या कोल्हापूरच्या 'की'सारखा म्हणा ना.

मला वाटलं होतं, गर्दी कॉलेजच्या पोरांची असेल. ती होतीच, काळे टी-शर्ट घालून, शिट्ट्यांची प्रॅक्टिस करत. पण त्यांच्याबरोबर आज्या होत्या, स्टीलच्या डब्यात मुरुक्कू घेऊन आलेल्या मावश्या होत्या, ऑफिसच्या मित्रांनी ओढून आणलेली दोन चिनी मुलं होती. भारतात पहिल्या दिवसाचा पहिला शो हा बऱ्याचदा पोरांचा कारभार असतो आणि खरं सांगायचं तर त्या रेटारेटीत मुलीने शिरायचं म्हणजे जरा विचारच करावा लागतो. इथे मात्र घरातलं लग्न असल्यासारखं सगळं खानदान हजर.

माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी मुरुक्कू पुढे केला आणि विचारलं, 'कुठली गं तू? तमिळ दिसत नाहीस.' मी म्हटलं, 'अम्मा, मी महाराष्ट्रातली.' त्या पुढच्या रांगेकडे वाकल्या आणि मोठ्याने जाहीर केलं, 'ए, ही तलैवरच्या गावची आहे!'

झालं. मी सेलिब्रिटी.

कारण तिथे पोरासोरांना पाठ आहे की तलैवर म्हणजे मूळचा शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी घरात 12 डिसेंबर 1950 ला जन्मलेला, बसमध्ये तिकिटं फाडणारा कंडक्टर. पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार हे त्याच्या पूर्वजांचं गाव सांगतात. एका पोराने मला विचारलं, 'मग तुमच्या भाषेत त्याचे किती सिनेमे?' आली का पंचाईत! तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, हिंदी तर सोडाच, या माणसाने बंगाली केला, इंग्रजीसुद्धा केला. मराठीत मात्र भोपळा. मी 'एकही नाही' म्हटल्यावर तो इतका मनापासून हळहळला की मीच त्याला धीर दिला.

अम्मांचं नाव मी सांगणार नाही, पण त्यांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचा जन्म रबराच्या मळ्यावरचा. ब्रिटिशांनी तमिळ मजुरांना जहाजात भरून मलायात नेलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी त्या एक. मळ्यावर अधूनमधून सिनेमाची गाडी यायची, मैदानात पांढरा पडदा लागायचा आणि सगळे चटया घेऊन बसायचे. पहाटे रबराच्या झाडांना खाच द्यायला जायचं असलं, तरी रात्री सिनेमा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. पुढे मळे विकले गेले, कुठे पामची झाडं आली, कुठे घरांच्या कॉलन्या. मळ्यावरची माणसं शहराच्या कडेला फ्लॅटमध्ये आली. 'घर गेलं, देऊळ गेलं, पडदाही गेला,' असं म्हणून त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

मग 2016 च्या जुलैमध्ये 'कबाली' आला. पा. रंजितचा सिनेमा, शूटिंग बरंचसं मलेशियातच. त्यात रजनी कोण? मळ्यातल्या मजुरांच्या पगारासाठी उभा राहिलेला मलेशियन तमिळ माणूस! आपल्याकडच्या बऱ्याच समीक्षकांनी तो 'स्लो' म्हणून मोडीत काढला. अम्मा म्हणाल्या, 'बाकी सगळ्या सिनेमांत तो तिकडचा आणि आम्ही बघणारे. त्या एका सिनेमात तो आमच्यातला होता.' त्यांच्या वडिलांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, तरी त्यांना त्या थिएटरात घेऊन गेल्या. ते नुसते ऐकत बसले. मळ्याच्या सीनला त्यांनी मुलीचा हात धरला तो सुटेपर्यंत सिनेमा संपला होता. (मलेशियातल्या प्रिंटमध्ये शेवटी कबाली पोलिसांना शरण गेला अशी पाटी टाकली होती. त्यावर अम्मांचं मत : 'पाटी कोण वाचतंय-ला!')

एवढ्यात दिवे गेले. ठिपके आले. एस! आणि या साठीच्या बाई, गुडघेदुखीची तक्रार करून आत्ताच खुर्चीत टेकलेल्या, ताडकन उभ्या राहिल्या.

'जेलर'ची खरी मजा त्याच्या पहिल्या तासात आहे. रजनी त्यात रिटायर्ड आजोबा. भाजी आणतो, नातवाच्या यूट्यूब चॅनलसाठी राबतो, बायकोची बोलणी खातो. अख्खं थिएटर धीर धरून बसलेलं, कारण सगळ्यांना माहीत आहे की हे वादळापूर्वीचं आहे. तो चष्मा पुसतो तरी टाळी. त्याचं वय तेव्हा 72. एंट्रीला मात्र एक गोष्ट डोक्यात गेली. माझ्यापुढे तीस-चाळीस मोबाईल वर झाले आणि मला तलैवर आधी कुणाच्या तरी हातातल्या छोट्या स्क्रीनवर दिसला. अरे, डोळ्यांनी बघा ना! अम्मांनी समोरच्या पोराच्या डोक्यावर टपली मारली आणि त्याने गपचूप फोन खाली घेतला. हे काम कुठलाही उषर करू शकला नसता.

इंटरव्हलची पाटी आली आणि गेली, कुणी उठलं नाही. मोहनलाल आला, शिवराजकुमार आला, जॅकी श्रॉफ आला, प्रत्येकाला आरोळी. सेकंड हाफ लांबला आहे आणि रक्तपात जरा जास्तच आहे, हे मला महिन्याभराने घरी ओटीटीवर एकटीने बघताना कळलं. त्या दिवशी नाही कळलं. कळून घ्यायचंही नव्हतं.

बाहेर पडल्यावर कागदाचे तुकडे केसांत घेऊन आम्ही सगळे तेह तारिक प्यायला गेलो. हा तिथला 'ओढलेला' चहा, एका मगातून दुसऱ्यात उंचावरून ओतून फेस आणलेला. तिथे जपानचा विषय निघाला, तो निघतोच. 'मुत्तू' तिथे 1998 मध्ये लागला, 'नाचणारा महाराजा' अशा अर्थाच्या नावाने. एडोकी जुन नावाच्या जपानी समीक्षकाला तो सापडला सिंगापूरच्या लिटल इंडियात. तोकियोच्या शिबुयातल्या एका थिएटरात तो 23 आठवडे चालला आणि जपानमधला भारतीय सिनेमाच्या कमाईचा त्याचा रेकॉर्ड मोडायला 2022 चा 'आरआरआर' यावा लागला. तिथे आता 'मसाला शो' होतात : ओरडा, नाचा, खंजिऱ्या वाजवा, कागद उडवा. आणि सिनेमा संपला की तेच प्रेक्षक खाली वाकून कागद गोळा करतात. हे ऐकून काळ्या टी-शर्टवाल्यांपैकी एक जण म्हणाला, 'आपण नाही केलं ते.' सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग त्यातले दोघं खरंच उठून परत थिएटरात गेले. सफाईवाल्यांनी त्यांना हाकलून दिलं, कारण पुढचा शो सुरू झाला होता.

अम्मांचा नंबर मी घेतला. पोंगलला, दिवाळीला मेसेज येतो, बराचसा फुलांचे फोटो. 14 ऑगस्ट 2025 ला 'कुली' लागला, त्याच्या पदार्पणाला पन्नास वर्षं होत होती. मी पुण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळच्या शोला बसले होते, मागच्या रांगेत हिंजवडीची चार-पाच तमिळ पोरं दबक्या आवाजात शिट्टी मारावी की नको यावर चर्चा करत होती. तेवढ्यात फोन थरथरला. अम्मांचा व्हॉइस मेसेज. त्यांनी सकाळीच बघितला होता. मी उत्तर टाईप केलं, 'सिनेमा संपेपर्यंत काही सांगू नका, अम्मा!' आणि फोन पर्समध्ये टाकून मागे वळून त्या पोरांना म्हटलं, 'मारा रे, मी आहे.'