सोडत सभागृहातच काढा

‘सर्व फेऱ्यांच्या मांडण्या खेळाडूंच्या सोयीसाठी आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकण्यात येतील.’ चेस-९६० स्पर्धेच्या एका परिपत्रकातले हे वाक्य अनेक वाचकांनी आम्हाला चिडून पाठवले आहे. चीड रास्त आहे. अहो, गैरसोय व्हावी म्हणूनच तर हा खेळ निघाला!

फिशरने १९९६ साली ब्युनोस आयर्समध्ये तो जाहीर केला, तो पाठांतराला विटून. मागची रांग विस्कटली की नाय्डॉर्फच्या वीस चाली मुखोद्गत असलेला खेळाडूही पहिल्या चालीपासून चाचपडतो; कोणते प्यादे बिनजोर आहे, इथपासून त्याला पाहावे लागते. इंजिनाचे फक्त ओपनिंग बुक जाते. मोजणी तीच, वेग तोच. राजा बी१ वर असो की एफ१ वर, स्टॉकफिशला त्याचे सोयरसुतक नाही. मग मांडणी रात्रभर हाती असली तर काय होणार? घरी लॅपटॉप असलेला मुलगा दहा चाली घोकून येणार आणि पहाटेच्या एसटीने आलेली मुलगी घड्याळ सुरू झाल्यावर विचार करणार. घोकंपट्टी पुढच्या दाराने हाकलली, ती आयोजकांनी मागच्या दाराने आत घेतली.

यावर खुलासा काय, तर ‘स्कोअरशीटवर आकृती छापायची असते’. छापू नका! मांडणीचा क्रमांक पेनाने लिहिला की भागते. सोडतीलाही संगणक लागत नाही. फिडेच्या मार्गदर्शक सूचनांत फासा, नाणे, पत्ते सगळे चालते. एक साधा फासा घ्या. चार काळ्या घरांपैकी एकात एक उंट, चार पांढऱ्यांपैकी एकात दुसरा, मग वजीर, मग दोन घोडे. जास्तीचे दान पडले तर पुन्हा टाका. उरलेल्या तीन घरांत हत्ती, राजा, हत्ती. दोन मिनिटांचे काम.

कॅसलिंगवरून होणारी भांडणे पुढच्या अंकात घेऊ. ती बहुतेक सूचना न वाचल्यामुळेच होतात.

आणखी एक. काही मांडण्या पांढऱ्याला जरा जास्तच झुकते माप देतात. इंजिनांच्या स्पर्धांत तीच सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवतात. आपल्याकडे मुलांना एकच डाव देऊन घरी पाठवतात.

पंचांनो, आयोजक तुमच्यावर ढकलतील आणि तुम्ही आयोजकांवर. ते पुरे. मोबाइल जमा करा, खेळाडूंसमोर फासा टाका, पंधरा मिनिटे पट पाहू द्या आणि घड्याळे सुरू करा. आदल्या रात्री मांडणी फोडणाऱ्या स्पर्धेची जाहिरात या अंकापासून आम्ही छापणार नाही.