कुलूप नको, मोर्तब हवे

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या अनेक मंडळांनी जुने अंक, स्मरणिका व कार्यवृत्ते संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले, याचे कौतुक करावे तितके थोडेच. मात्र त्याबरोबर एक खोडही जडली आहे. पीडीएफ तयार झाली की तिला कुलूप घालायचे. मजकूर निवडता येऊ नये, उतरवून घेता येऊ नये, छापताही येऊ नये. 'आपले साहित्य चोरीस जाऊ नये' हे त्यामागचे कारण सांगितले जाते. हे कारण टिकणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पीडीएफला परवलीचे शब्द दोन प्रकारचे लावता येतात. पहिला उघडण्याचा. तो ठाऊक नसेल तर आतील मजकूर सांकेतिक रूपातच राहतो. शब्द पुरेसा लांब व अवघड असेल तर हे संरक्षण खरे. दुसरा परवानगीचा. यात दस्तऐवज कोणालाही उघडतो. नक्कल किंवा फेरफार करू नये एवढी सूचना त्यात नोंदलेली असते आणि ती पाळणे न पाळणे हे उघडणाऱ्या प्रणालीच्या हाती. म्हणजे दार सताड उघडे आणि वर 'आत येऊ नये' ही पाटी! ती पाटी उतरवणारी साधने फुकट मिळतात. तीही नको असतील तर पडद्याचे छायाचित्र घेऊन त्यातील देवनागरी अक्षरे ओळखण्याची सोय आज मोबाइलवरही आहे. चोराचे काहीच अडत नाही.

अडते ते प्रामाणिक माणसाचे. संशोधकाला चार ओळींचे अवतरण हवे असते. ती त्याला हाताने टंकावी लागतात. आपल्याच घरातील नातवंडांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही. पणजोबांचा लेख यंत्राकडून भाषांतरित करून घ्यावा म्हटले तर मजकूर उचलता येत नाही. समीक्षेसाठी व अभ्यासासाठी वाजवी वापराची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेच दिली आहे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्कही संपतो. कायद्याला मुदत आहे. कुलपाला ती ठाऊक नाही. आणि परवलीचा शब्द एकट्या चिटणीसांनाच माहीत असेल तर त्यांच्या पश्चात मंडळालाच आपला अंक परका होतो.

मुळात नक्कल आणि फेरफार या दोन गोष्टींची गल्लत होत आहे. शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांनी बजावले ते इतकेच की, कोणी आपली ओवी त्यात घुसडू नये. प्रती करू नयेत असे ते म्हणाले नाहीत. प्रती झाल्या म्हणूनच तर ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला. मराठेशाहीतील पत्रांच्या शेवटी मोर्तब होत असे, तेही मजकूर येथे संपला आणि खाली ओळ वाढवू नये, हे दाखवण्यासाठी. पूर्वजांना कुलूप आणि मोर्तब यांतला भेद पक्का ठाऊक होता.

आजचे मोर्तब म्हणजे डिजिटल सही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तिला कायदेशीर मान्यता आहे. सहीनंतर एक अक्षर जरी बदलले तरी पडताळणीत ते उघड होते. ज्या मंडळास तेवढा खर्च परवडत नसेल त्याने एसएचए-२५६ पद्धतीने मूळ दस्तऐवजाचा ६४ चिन्हांचा ठसा काढावा व छापील अंकात प्रसिद्ध करावा. पुढे कोणी बदललेली प्रत 'मूळ' म्हणून पुढे केली तर हा ठसा जुळणार नाही. यास दमडीचाही खर्च नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. सभासदांची यादी, देणगीदारांचे पत्ते, हिशेब यांना उघडण्याचे खरे कुलूप अवश्य घाला आणि तो शब्द किमान दोन पदाधिकाऱ्यांच्या स्वाधीन ठेवा. साहित्य मात्र युनिकोडमध्ये, शोधता व उतरवता येईल असे मोकळे ठेवा. लेखक हयात असल्यास त्यांची संमती घ्या आणि त्यावर मोर्तब करा. आपला लेख कोणीतरी उचलील या भीतीपेक्षा तो कोणीच उचलणार नाही, ही भीती महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने अधिक बाळगावी.