खोदयंत्र हवे, पण कामगारासह!

रेल्वेमार्गालगतची गटारे, केबलचे चर ही कामे आता कुदळ-घमेल्याऐवजी छोट्या खोदयंत्राने होऊ लागली आहेत. हे यंत्र चालविणारे आम्ही त्याचे स्वागतच करतो. तीन-साडेतीन टनांचे हे यंत्र अरुंद जागेत शिरते, बूम बाजूला वळवून रुळांना समांतर चर काढते. गँगमनची कंबर त्याने वाचते.

पण लीव्हर हाती घेतल्यावर कळते की ताकद यंत्राची, अंदाज माणसाचा. बकेट दगडाला अडली तर यंत्र हिसका देते. सिग्नलच्या केबलला लागली तर हाताला जाणवतही नाही. केबल तुटली की गाड्या खोळंबतात, त्यांतल्या टपालाच्या थैल्याही. डोक्यावर 25,000 व्होल्टची तार रुळापासून सुमारे साडेपाच मीटरवर असते आणि बकेट साडेचार मीटरपर्यंत सहज जाते. चालू तारेपासून 2 मीटर दूर राहण्याचा नियम क्षणात मोडतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. केबलचा नकाशा आणि सिग्नल खात्याचा माणूस जागेवर असल्याशिवाय खोदाई नको. पॉवर ब्लॉक नसताना तारेखाली बूम उचलण्याचा हुकूम नको. नियम न शिकविता कंत्राटी कामगाराला यंत्रावर बसविणे हा त्याच्याही जिवाशी खेळ आहे. त्यालाही प्रशिक्षण द्या. गँगमन बांधवांतून ऑपरेटर घडवा, त्यांना कामाप्रमाणे श्रेणी द्या. बंधूंनो, यंत्र येणारच. त्याच्या लीव्हरवर शिकलेला हात असावा, यासाठी एकजुटीने उभे राहू या.