मुळांनी बांधलेलं घर

बालदोस्तांनो, घर बांधायला काय काय लागतं? दगड, विटा, वाळू, सिमेंट, लाकूड. बरोबर? पण समजा, यातलं काहीच जवळपास मिळत नाही, खिशात पैसे नाहीत आणि थंडी पडायच्या आत घर उभं करायचंच आहे. मग काय कराल? आज आपण अशाच घरांची गोष्ट पाहू या. त्यासाठी जायचंय अमेरिकेच्या मधोमध असलेल्या नेब्रास्का राज्यात, आणि तेही जवळजवळ दीडशे वर्षं मागे!

1862 साली अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचं नाव ‘होमस्टेड कायदा’. थोडी फी भरून अर्ज करणाऱ्याला 160 एकर सरकारी जमीन मिळणार होती. अट मात्र पक्की होती. त्या जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं तिथंच राहायचं आणि शेती करायची. टिकलात तर जमीन तुमची! मग काय, गरीब शेतकरी, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, युरोपातून नुकतीच आलेली कुटुंबं, असे कितीतरी लोक गाड्यांत सामान भरून निघाले.

तिथं पोचून पाहतात तो काय, क्षितिजापर्यंत नुसतं गवतच गवत! झाडं असलीच तर कुठंतरी ओढ्याकाठी चार-दोन. लाकूड लांबून विकत आणणं परवडायचं नाही. आणि नेब्रास्कातला हिवाळा म्हणजे हाडं गोठवणारी थंडी आणि बर्फाची वादळं. उघड्यावर राहणार कसं?

उपाय त्यांच्या पायाखालीच होता. त्या माळावरचं गवत हजारो वर्षांचं. त्याची मुळं जमिनीत खोलवर जाऊन एकमेकांत इतकी घट्ट गुंतलेली, की मातीची जणू गोधडीच शिवलेली! ही गोधडी कापली की झाल्या विटा. इंग्रजीत अशा ढेपेला ‘सॉड’ म्हणतात.

हे काम चालायचं कसं? जमीन ओली असताना एका खास नांगरानं साधारण एक फूट रुंद आणि चार इंच जाड असे लांबच लांब पट्टे कापायचे. मग फावड्यानं त्यांचे दोन-तीन फुटांचे तुकडे करायचे. आज लागतील तेवढेच कापायचे हं! वाळले की ते भुसभुशीत होणार. रचताना गवताची बाजू खाली ठेवायची. दोन-तीन ढेपा शेजारी शेजारी लावायच्या, खालच्या सांध्यावर वरची ढेप आणायची, आणि अधूनमधून एक थर आडवा घालून भिंत बांधून घ्यायची. चुना नाही, सिमेंट नाही. फटींत फक्त मोकळी माती भरायची.

भिंत होईल दोन ते तीन फूट जाड. दारं-खिडक्यांच्या चौकटी तेवढ्या लाकडाच्या. खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम थोडी फट ठेवून तिच्यात चिंध्या किंवा गवत कोंबायचे. का बरं? ढेपा पुढं दबतात आणि भिंत खाली बसते. फट नसेल तर वरचं ओझं काचेवर येऊन काच तडकायची. वरती आढं, वासे, काटक्या, गवत आणि त्यावर पुन्हा ढेपा. झालं छप्पर!

आपल्याकडच्या धाब्याच्या घरात राहिलेल्यांना पुढचं ओळखीचं वाटेल. जाड मातीमुळं उन्हाळ्यात घर गार आणि थंडीत उबदार. माळावर वणवा पेटला तरी मातीच्या भिंती जळत नसत. चुलीसाठी लाकूड नव्हतं, म्हणून लोक वाळलेलं शेण गोळा करून जाळत, अगदी आपल्या गोवऱ्यांसारखं.

पण पाऊस आला की फजिती! छप्पर गळायचं, आणि पाऊस थांबल्यावरही बराच वेळ चिखलाचं पाणी ठिबकत राहायचं. म्हणून आतून छताखाली कापड ताणून बांधत. भिंतीतून उंदीर यायचे, कधीकधी सापही. तरी घरं नीटनेटकी ठेवलेली असत. सॉलोमन बुचर नावाच्या फोटोग्राफरनं 1886 पासून अशा कितीतरी कुटुंबांचे फोटो काढले. घरापुढं सगळे चांगले कपडे घालून ऐटीत उभे दिसतात!

आता एक प्रश्न. सरकारनं वाटलेली ही जमीन रिकामी होती का? मुळीच नाही! पॉनी, ओमाहा, लाकोटा अशा मूळ रहिवाशांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी होती. पॉनी लोक तर लाकडी सांगाड्यावर माती लिंपून मोठी गोल घरं बांधत. म्हणजे त्या माळावर मातीची घरं आधीपासूनच होती! करार आणि दडपण यांमुळं या लोकांची जमीन आक्रसत गेली. 1870 च्या दशकात पॉनींना नेब्रास्का सोडून दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. एकाचं नवं घर उभं राहिलं तेव्हा दुसऱ्याचं जुनं घर सुटलं होतं, हे विसरून चालणार नाही.

आणि त्या गवताचं काय झालं? घरापुरत्या ढेपा कापल्या तर माळाचं फारसं बिघडत नव्हतं. पण पुढच्या काही दशकांत शेतीसाठी लाखो एकर माळ नांगरला गेला. मातीला धरून ठेवणारी मुळंच उखडली. 1930 च्या दशकात मोठा दुष्काळ पडला आणि कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास या भागांतली सुटी माती वाऱ्याबरोबर उडाली. भरदिवसा अंधार करणारी धुळीची वादळं आली. हजारो कुटुंबांना घरदार सोडून जावं लागलं. मग 1935 मध्ये अमेरिकन सरकारनं माती वाचवण्यासाठी वेगळं खातंच काढलं. शेतकऱ्यांना उताराला आडवं नांगरायला आणि पुन्हा गवत लावायला शिकवलं गेलं.

पाहिलंत ना? ज्या मुळांनी भिंती उभ्या केल्या, तीच मुळं साऱ्या माळाला सांभाळत होती.

आता तुमच्यासाठी एक काम. पावसाळ्यानंतर मैदानातलं मूठभर गवत मुळांसकट हळूच उपटा. मुळांना किती माती चिकटून येते ते पाहा आणि गवत पुन्हा तिथंच लावून टाका. मग आजी-आजोबांना विचारा, ‘तुमच्या लहानपणच्या घराच्या भिंती कशाच्या होत्या? ती माती कुठून आणली होती?’ उत्तरं वहीत लिहून ठेवा. आई-बाबांनाही ती नव्यानंच कळतील, बघा!