उशीखालचें पुस्तक

मुलुंडच्या एका वाचक भगिनींनीं गेल्या महिन्यांत आम्हांस विचारलें, "मुलाच्या उशीखालीं 'कोबाल्ट ब्लू' सांपडलें. काढून घेऊं, कीं होतें तेथेंच ठेवूं?" मुलगा सतरा वर्षांचा, घरांत सासूसासरे, धाकटे दीर, जाऊबाई. प्रश्न पुस्तकाचा दिसत असला तरी भीति मुलाविषयींची होती, हें ओळखण्यास वेळ लागला नाहीं.

सचिन कुंडलकर यांची ही कादंबरी २००६ सालीं मौज प्रकाशनानें काढिली. पुढें जेरी पिंटो यांनीं ती इंग्रजींत नेली व २०२२ सालीं तिच्यावर चित्रपटही निघाला. पुण्याच्या एका चारचौघांसारख्या घरांत एक तरुण भाडेकरू म्हणून राहावयास येतो. घरचा मुलगा तनय व त्याची बहीण अनुजा, दोघांचाही जीव त्याच्यावर जडतो. एके दिवशीं तो अनुजेसह निघून जातो आणि पुढें तिलाही सोडतो. ती घरीं परत येते, तेव्हां घर संतापतें, रडतें, तिला सांवरूंही पाहतें. तनयनेंही तोच माणूस गमाविलेला असतो. परंतु त्याच्या दुःखाची घरांत कोणास वार्ता नसते. घरचीं माणसें दुष्ट नव्हेत. तीं आपल्यासारखींच आहेत. वाचतांना आम्हांस लाज वाटली ती याचसाठीं.

वडीलधारी मंडळी अशा वेळीं दोन उपाय सुचवितात: डॉक्टरला दाखवा, नाहींतर लग्न उरकून टाका. पहिल्यास आधार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९० सालींच समलिंगी आकर्षणास रोगांच्या यादींतून वगळलें. दुसऱ्यांत तर परक्याच्या निरपराध मुलीचा बळी जातो. कायद्याचा धाकही उरला नाहीं. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान माणसांच्या परस्परसंमत संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. विवाहाची मान्यता मात्र २०२३ सालीं नाकारली गेली. म्हणजे अशा मुलास घराचा आधार अजून फारच लागणार.

तो देणाऱ्या माता आपल्याच शहरांत आहेत. २०१५ सालीं पद्मा अय्यर यांनीं आपले चिरंजीव हरीश यांच्यासाठीं 'वर पाहिजे' अशी जाहिरात मुंबईच्या एका वृत्तपत्रांत दिली. तींत पोटजातीची पसंतीही नमूद होती व त्यावरून टीकाही झाली. पण आईची काळजी किती नेहमींचीच असते, हें आम्हांस तींत दिसलें.

आम्हीं त्या भगिनींस कळविलें: पुस्तक वाचलें म्हणून मुलाविषयीं कांहींच सिद्ध होत नाहीं, त्याची उलटतपासणी नको, त्याच्या संमतीवांचून वडीलधाऱ्यांत चर्चाही नको. आधीं आपण वाचावें.

त्यांनीं वाचावयास घेतलें. रोज दुपारीं वाचून पुस्तक जागच्या जागीं ठेवीत. खुणेचा कागद मात्र एके दिवशीं आंतच राहिला. रात्रीं पानें वाढतांना मुलगा हळूच म्हणाला, "आई, कुठवर आलीस?"

पुढचें बोलणें त्या मायलेकांचें. आम्हीं तें विचारलें नाहीं.